चित्र माझ्या हातात होतं

आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. अंगणापलीकडे बाबांची भाताची गिरणी होती आणि धान निघालं की होळीपर्यंत तिचं इंजिन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भकभक करत असे. त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय पानावर मीठ मागितलेलंसुद्धा ऐकू जात नसे. इंजिन बंद झालं तरी आमची सवय सुटत नसे. बाबा शेजारी बसलेल्या आईकडे पाणी मागत, ते तलावापलीकडच्या माणसाला कळे. पुढे नागपुरात सासरी मी पहिल्याच सकाळी चहाला हाक मारली, तेव्हा सासरे हातातलं वर्तमानपत्र टाकून उठून उभे राहिले होते. मोठा गळा आणि चांगला गळा यांत फरक असतो. पहिला माझ्याकडे होता, दुसरा पारूकडे. हा फरक मला वयाच्या दहाव्या वर्षीच पुरता ठाऊक होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे 'लहान होते, कळलं नाही' अशी पळवाट मला काढता येणार नाही.

पारू ढिवरांची. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांची दहा-बारा घरं होती. दारांपुढे जाळी वाळत घातलेली असायची आणि वारा फिरला की वाळत्या मासोळ्यांचा वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. तिची माय सोनाबाई दिवाळीच्या सुमारास शिंगाड्यांची टोपली घेऊन गावात फिरे आणि पारू तिच्या पुढे चाले. आमच्याकडे त्या दोघी ओसरीच्या पायरीवर बसत. त्या आत येत नसत आणि आम्ही या म्हणत नसू. आई सुपात शिंगाडे घेऊन तेच सूप तांदळाच्या कणक्यांनी भरून परत करी. मी आणि पारू एकाच वर्गात, चौथीत. उकडलेला शिंगाडा दात न लावता नखानं कसा सोलायचा हे मला तिनंच शिकवलं. मी तिला काय शिकवलं ते आठवत नाही. ती पाळीवरून येताना गात येई. आधी गाणं पोचायचं, मग पारू, मग टोपली. आई लाखोळीच्या डाळीला फोडणी देता देता थांबायची आणि म्हणायची, "आली पाय पारी." एवढंच म्हणायची, पण फोडणीतला लसूण करपायचा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मामा मला नागपूरला घेऊन गेला आणि एका रविवारी सकाळी खास मुलांसाठी लागलेला एक परदेशी सिनेमा दाखवला. त्यात माणूस एकही नव्हता, सगळी काढलेली चित्रं. चित्रं चालत होती, रडत होती आणि सारखी गात होती. बोलायचं झालं तरी गाऊनच. रस्ता चुकलेली एक मुलगी, तिला वाट दाखवणारी एक बदकीण, आणि झाडांच्या आड उभी राहून सुरात सूर मिळवणारी अस्वलं. मामानं सांगितलं की हे तिकडचं फार जुनं गाण्याचं नाटक आहे, पूर्वी माणसं रंगमंचावर उभी राहून गायची, आता त्याच नाटकाची चित्रं केली आहेत. भाषा मला ओ की ठो कळली नाही. पण अस्वलं नाचतात हे पाहून मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत रानात अस्वल समोर आलं तर माणूस नाचतो.

गावी परतल्यावर महिनाभर मला दुसरा विषय नव्हता. शाळेत, पाळीवर, गिरणीत कोंड्याच्या ढिगावर बसून मी तो सिनेमा सांगत सुटले. जे पाहिलं ते सांगितलंच, जे पाहिलं नाही तेही सांगितलं. माझ्या तोंडी त्या सिनेमात वाघसुद्धा आला आणि त्यालाही दोन गाणी मिळाली. आमचे गुरुजी ब्रह्मपुरीकडचे, एकटेच राहणारे, शाळेमागच्या खोलीत स्वतःच्या हातानं भात शिजवून खाणारे. एकदा ते दाराआड उभं राहून सगळं ऐकत होते. आत येऊन त्यांनी विचारलं, "चित्राच्या तोंडात गाणं कोण घालते, कुसुम?"

"कोनीच नाई, गुरुजी. चित्रंच गातेत."

"चित्र गात नसते. मांगं कोनीतरी मानूस गाते. तो दिसत नाई, येवढंच." मग खुर्चीवर बसून त्यांनी बराच वेळ टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाले, "आपन बी करू."

आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्यात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक संगीत नाटक होतं. राजाची लेक रानात हरवते, जनावरं तिला वाढवतात आणि शेवटी राजाचे लोक न्यायला येतात तेव्हा तिचा पाय निघत नाही, अशी त्याची गोष्ट. हे नाटक मंडईला, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या जत्रेला होई. आमच्या लहानपणी राजकन्येचं काम गावातला एक धिप्पाड गडी करत असे. मंडईच्या सकाळी तो मिशा काढी आणि पोळ्यापर्यंत पुन्हा वाढवी. नाटकात चाळीसेक पदं होती. गुरुजींनी त्यांतली चौदा ठेवली आणि मुलांसाठी तासाभराचं नाटक केलं. चित्रं पुठ्ठ्याची कापली. हातपाय वेगळे करून दोऱ्यानं जोडले. जिथं रंग हवा तिथं भोकं पाडून पतंगाचा कागद तेल लावून चिकटवला. आणि प्रत्येक चित्राला बांबूच्या कामट्या बांधल्या. पुढं धोतराचा ताणलेला पडदा, मागं गॅसबत्ती, आणि मध्ये आम्ही मुलं कामट्या धरून. राजकन्या हलली की तिच्या परकराचा लाल-पिवळा उजेड पडद्यावर सांडायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आमच्यातला एक पोरगा पडद्याला हात लावून मागं पळाला होता. जागा बाबांनी दिली, गिरणीचं गोदाम. दारं लावली की भरदुपारी तिथं डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नसे.

राजकन्येची पदं मीच गाणार असं मी धरूनच चालले होते. सिनेमा मी पाहिलेला, गोदाम माझ्या बाबांचं, मग दुसरं कोण? गुरुजींनी मला एक पद म्हणायला लावलं. मी म्हटलं. वर्गातली पोरं कानात बोटं घालून हसली. गुरुजी हसले नाहीत, म्हणाले, "तुहा गळा गिरणीचा हाय वं. देवानं तुले हात देल्ले." आणि राजकन्येचं चित्र माझ्या हातात ठेवलं. हात मला खरंच होते. मान किती कलवली की राजकन्या रडते आणि किती कलवली की नुसती थकलेली दिसते, हे मला दोन दिवसांत कळलं. मग गुरुजींनी पारूला पडद्याच्या कडेला धानाच्या पोत्यावर बसवलं आणि ती गायला लागली. चित्र माझ्या हातात, गळा तिचा. मी मान कलवायची त्याच क्षणी तिचा सूर उतरायचा. आम्ही एकमेकींकडे बघतही नसू. आता म्हातारपणी वाटतं की त्या वीस-पंचवीस दिवसांइतकं कुणाशी माझं कधी जुळलं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. पण तेव्हा मनात एक खुपत होतं. सराव संपला की गोदामात कोंडा झाडायला आलेल्या बायका पारूच्या गालावरून हात फिरवत आणि मला म्हणत, "कुसुमबाई, पारीले पानी द्या वं थोडंसं."

गुरुजींच्या मनात एक बेत होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढे मुलगे सायकलीवर मूल या तालुक्याच्या गावाला जात, मुली घरी बसत. मला नागपूरला मामाकडे पाठवायचं ठरलेलंच होतं. पारूसाठी सोनाबाईनं नात्यातला एक मुलगा पाहून ठेवला होता. पण चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, मुलींच्या शाळेचं वसतिगृह होतं आणि शाळा तपासायला येणाऱ्या बाई दरवर्षी खेड्यातली एक गरीब हुशार मुलगी तिथं नेत. गुरुजींनी त्यांना मंडईचंच निमंत्रण दिलं. "कागदावर गळा लेहता येत नाई," ते सोनाबाईला सांगत होते, मी शेजारी उभी होते. "बाईनं कानानं आयकलं पायजे." सोनाबाईनं टोपली डोक्यावरून उतरवली आणि म्हणाली, "बाईनं नेली तं शिकू द्या, गुरुजी. नाई तं वैशाखात उरकून टाकू. पोट्टीले किती दिवस ठेवू मी?" पारू खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. घरी जाताना ती मला म्हणाली, "चांद्याले पेटी शिकवतेत म्हंते. खरं हाय काय वं?" मला काय ठाऊक? पण मी म्हटलं, हो, शिकवतात.

मंडईच्या आदल्या दिवशी गुरुजींना हिवतापानं धरलं. आमच्या भागात तेव्हा हिवताप पाहुण्यासारखा घरोघरी मुक्कामाला असे, त्याचं कुणाला नवल नव्हतं. मंडईच्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. दोन घोंगड्यांखाली ते इतके थडथडत होते की खाट वाजत होती. म्हणाले, "तुमाले सारं येते. भिऊ नका. आखरीले बाई विचारतीन, कोण गायली म्हून. तू पारीले हाताले धरून पडद्याच्या समोर आन आन् तिचं नाव सांग. बस, येवढंच काम." मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा विचारलं, "सांगशीन ना?" मी म्हटलं, "सांगीन, गुरुजी."

त्या दिवशी इंजिन बंद होतं. गावात वडे-पुऱ्यांचा वास, पाळीवर जत्रेची दुकानं, आणि पंचक्रोशीतली माणसं बैलगाड्या भरून आलेली. दुपारी गोदाम मुलांनी आणि त्यांच्या मागून मोठ्यांनी भरलं. पुढे सतरंजीवर चांद्याच्या बाई, जाड काठाचं पांढरं लुगडं नेसलेल्या, डोळ्यांना चष्मा. त्यांच्या शेजारी टोपी घातलेले बाबा. सोनाबाई आली नव्हती, जत्रेत तिची शिंगाड्यांची टोपली होती. दारं लावली, बत्ती चढवली आणि पारू गायला लागली. तिच्या गाण्याचं वर्णन मी करणार नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. एवढंच सांगते की दुसऱ्या पदाला कडेवरची रडकी पोरंसुद्धा गप्प झाली आणि पत्र्याच्या छपरावर चिमण्या चालत होत्या ते ऐकू यायला लागलं. शेवटच्या पदात राजकन्या प्रत्येक झाडाचा निरोप घेते. मी तिचा हात एकेका झाडाला लावत होते आणि पलीकडे कुणीतरी बाई हुंदके देत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

आता आमच्या दंडारीची एक रीत सांगायला हवी. तिथं बक्षीस माणसाला देत नसत, सोंगाला देत. कुणाला पद आवडलं तर तो उभा राहून म्हणे, 'राजकन्येस अमक्याकडून चोळीचा खण', आणि राजकन्या पुढे येऊन पदर पसरे. नट कोण, त्याचं नाव काय, हे कुणी विचारत नसे. दारं उघडली, लोकांच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली आणि बाबांच्या ओळखीचे एक पाटील उठून गिरणीबाहेर जाईल अशा आवाजात म्हणाले, "राजकन्येस आमच्याकडून चोळीचा खण! राजकन्या, समोर या!" बाकीची पोरं, हरणं आणि अस्वलं खाली टाकून, वडे वाटत होते तिकडे पळाली. पारू पोत्यावरून उठली. राजकन्या माझ्या हातात होती. मी ती हातात धरून पडद्याच्या कडेनं पुढे आले.

पहिलं पाऊल मी रीत म्हणून टाकलं. सोंग पुढे नेलं पाहिजे, ते माझ्याकडे होतं, मी नेलं. पारूला हाताला धरायचं होतं ते एका हातात चित्र आणि दुसऱ्यात कामटी म्हणून राहिलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. पण लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि तो मला आवडला. बाबा उठून उभे राहिले होते, त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "आमची कुसुम!" ते बाईंना सांगत होते. "आमाले त् मालूमच नव्हतं!" बाईंनी मला जवळ ओढलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तूच गायलीस?"

मी काही बोलले नाही. हो म्हटलं नाही. लोक म्हणतात न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्या लोकांना माझ्यापुढे आणून उभं करा.

बाईंनी दोन ओळी पुन्हा म्हणायला सांगितलं. माझ्या तोंडातून नुसता खरखर आवाज आला. बाबाच म्हणाले, "घसा बसला तिचा, बाई. तासभर गायली पोरगी." सगळ्यांनी चुकचुक केलं. मग बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून बाबांना म्हणाल्या, "ही गरिबाची लेक असती तर मी आजच्या आज हिला वसतिगृहात नेली असती. जागा ठेवली होती एक. पण तुम्हाला काय कमी! तुम्हीच शिकवा हिला." बाबा हसले, पाटील हसले, बाईही हसल्या. माझ्या पाठीशी दोन हातांवर धोतराचा पडदा होता आणि त्याच्यामागे, बत्ती अजून जळत असल्यामुळे, पोत्याजवळ उभी असलेली एक सावली दिसत असणार. मी वळले असते तर ती मला दिसली असती. मी वळले नाही.

मी पडद्यामागे गेले तोवर पारू मागच्या दारानं निघून गेली होती. संध्याकाळी पाळीवर भेटली तेव्हा मी धावत तिच्याकडे गेले आणि तिनं काही विचारायच्या आतच म्हणाले, "मी सांगतलं बाईले तुहं नाव. पत्र धाडतो म्हंते." हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि मग तेच खरं करून चालावं लागलं. पारूनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो काय?" आठ दिवसांनी गुरुजी उठले, त्यांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी अशक्त हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. गोदामात आणखी सात-आठ पोरं पडद्यामागे होती, त्यांना आणि कोंडा झाडणाऱ्या बायकांना सगळं ठाऊक होतं; पण बायका आमच्या गिरणीत कामाला होत्या आणि पोरांचे बाप तिथंच पोती वाहत.

घरात माझ्या गळ्याचं कौतुक सुरू झालं. बाबांनी मूलहून पेटी आणवली आणि शिकवायला एक मास्तर लावले. मास्तर तीन आठवडे आले, चौथ्या आठवड्यात त्यांनी बाबांना बाजूला घेतलं. बाबा मोठ्या मनाचे, म्हणाले, "त्या दिवशी देवच गायला असन तिच्या गळ्यातून." पाहुणे आले की ते मंडईची गोष्ट सांगत आणि मी घशाला हात लावून आत जाई. पाटलांचा खण आईनं घडी करून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला होता. मी एकदा विचारलं, चोळी कधी शिवायची. आई तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तो खण तुहा नोय." मी विचारलं नाही, मग कुणाचा. पारूच्या गाण्यासाठी फोडणी करपवणाऱ्या बाईला आपल्या पोरीचा गळा ओळखू येणार नाही काय! पण बाबांचा आनंद तिच्यानं मोडवला नाही. मी तिचीच लेक.

टपालवाला आमच्या गावी आठवड्यातून एकदा, बुधवारी, सडकेवरून सायकल रेटत येई. दर बुधवारी शाळा सुटली की पारू माझ्या शेजारी येऊन चाले. शिंगाडे संपले, तिवड्याच्या शेंगा आल्या, त्याही ओल्याच्या वाळल्या. ती ओच्यातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवी आणि विचारी, "आलं काय वं पत्र?" मी म्हणे, "नाई अजून." "येईन ना?" "येईन." मग आम्ही शेंगा खात पाळीपर्यंत जात असू. ती तिच्या घराकडे उतरे, मी माझ्या. असे किती बुधवार गेले ते मी कधी मोजायचं धाडस केलं नाही. दर वेळी वाटे, पुढच्या बुधवारी सांगू.

होळीनंतर गुरुजींनीच न राहवून बाईंना लिहिलं. उत्तर आलं ते त्यांनी वर्गात, टेबलाशी बसून वाचलं. आणि घडी करून पुन्हा उघडून वाचलं. वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. बाकी काय लिहिलं असेल ते मला न वाचताच कळलं: गिरणीवाल्यांची ती गाणारी मुलगी कशी आहे. गुरुजींनी मान वर केली, पण ओरडले नाहीत. मी मनात म्हणत होते, छडी घ्या, गुरुजी. त्यांनी छडी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मी धडा वाचायला उभी राहिले तर म्हणाले, "बसा तुमी, कुसुमताई." त्या दिवसापासून त्यांची बदली होईपर्यंत ते मला असंच बोलत, घरच्या पाहुणीशी बोलावं तसं. दहा वर्षांच्या पोरीशी. नंतर मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांना रागावले, कान पिळले, पण ती शिक्षा मी कुणाला दिली नाही. ती सोसवत नाही.

वैशाखात पारूचं लग्न झालं. आई आहेर घेऊन मांडवात गेली, मी तिच्या मागे. आहेरात सगळ्यात वर तो खण होता. सोनाबाईनं तो पारूच्या ओटीत घातला. पारू हळदीनं पिवळी झाली होती आणि झोप येत असल्यासारखी बसली होती. मला पाहून हसली. त्या दिवशी बुधवार नव्हता, त्यामुळे तिनं काही विचारलं नाही.

नंतर मी नागपूरला शिकले, नोकरी केली, संसार केला. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी 'बाई, तुम्ही पण एक गाणं म्हणा' म्हटलं की मी घशाला हात लावी. त्या दुपारी बसलेला घसा मी साठ वर्षांहून अधिक काळ वागवला. आता माझा नातू मांडीवर मोबाइल ठेवून चित्रांचे सिनेमे बघतो. संपले की नावांची रांग सरकायला लागते आणि तो लगेच दुसरा लावतो. मी त्याला म्हणते, थांब रे, गायलं कोणी ते बघू दे. त्याला आजीचा हा चाळा कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुलाच्या लग्नाला सिंदेवाहीकडे गेले होते. तिथून पारूचं सासर जवळच. पत्ता शोधावा लागला नाही. रोवणीला, म्हणजे भात लावताना, बायका जिची गाणी गातात ना, त्या म्हातारीचं घर विचारा, लग्नघरचे म्हणाले. राजकन्या मी सोबत नेली होती. ती माझ्या ट्रंकेतच राहिली होती, का ते विचारू नका. पारू अंगणात खाटेवर बसली होती, पाठीत वाकलेली, केस पांढरे. सून चहा टाकायला गेली. मला कुंपणाच्या आत बोलावून, खाटेवर, आपल्या शेजारी बसवून तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले. मी चित्र पिशवीतून काढून तिच्या मांडीवर ठेवलं. पतंगाचा कागद पार विटला होता. तिनं ते उन्हाकडे धरलं आणि कामटी हलवून पाहिली. राजकन्येचा एक हात अजून वर होत होता. "मान तं तूच हालवत होती," ती म्हणाली. "तुह्यावानी कोनाले नाई जमे."

मग मी बोलायला सुरुवात केली. इतकी वर्षं पाठ केलेली वाक्यं होती, एकही नीट आलं नाही. बाईंनी विचारलं होतं, मी गप्प राहिले, तुझं नाव सांगितलंच नव्हतं, पत्र येणारच नव्हतं. माझा मोठा आवाज त्या दिवशी मला सापडेना. ती ऐकत होती. चित्राचा हात वर-खाली करत होती.

"मालूम हाय ना वं," ती म्हणाली. "मी तं पडद्यामांगंच होती. सारं आयकलं मीनं."

 मी विचारलं, "मंग पत्र आलं काय, पत्र आलं काय, हे काऊन विचारत होती दर बुधवारी?"

पारूनं राजकन्या माझ्या हातात परत दिली.

"वाटे, आज तरी सांगशीन."